अडकलेला कागद ओढायचा नाही

झेरॉक्स मावशी माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या ते माझ्या कॉलेजच्या दुसऱ्याच दिवशी, आणि चूक माझीच होती. परकीय भाषा विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली त्यांचं मशीन. तिथे छत इतकं खाली आलंय की उंच माणसाचं डोकं आपटतंच, म्हणून कुणीतरी स्पंज चिकटवलाय आणि तो स्पंज डोकी पुसून पुसून काळा झालाय. मला तासाला उशीर होत होता. माझा कागद मशीनमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर असा अडकला, मावशी पलीकडे कुणाचं तरी बाइंडिंग करत होत्या, आणि मी काय केलं तर सरळ ओढला. टर्रकन फाटला. अर्धा माझ्या हातात, अर्धा मशीनच्या पोटात.

"अगं ए बये!" मावशी अशा धावत आल्या जणू मी त्यांच्या पोराचा कान उपटलाय. "अडकलेला कागद ओढायचा नाही! कधीच नाही! झाकण उघडायचं, थांबायचं, तो आपणहून सैल होतो. ओढला की फाटतो आणि तुकडा आत राहतो. मग तो तुकडा पुढच्या शंभर जणांना छळतो."

"सॉरी सॉरी सॉरी."

"तीनदा म्हटल्यावर जोडला जातो का कागद?"

तेव्हापासून त्या मला कागदफाडी म्हणायला लागल्या. हे मी आधी सांगतेय कारण खरं म्हणजे त्या दिवशीच मला सगळं सांगून झालं होतं. मी ऐकलं नाही, एवढंच.

मावशी पंचेचाळीसच्या असतील. चष्मा दोरीला, उजव्या अंगठ्याला कागद मोजायची रबरी टोपी, ती टोपी जेवतानाही काढायच्या नाहीत. एकोणीस वर्षं त्यांनी आमच्या विभागातल्या पाचही भाषांची पानं छापली. एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यातलं, पण प्रत्येक पान तोंडओळखीचं. "हे बाजाराचं चित्र आलं ना, म्हणजे आता पंधरा दिवसांत तुमची चाचणी," असं आम्हाला शिक्षकांच्या आधी त्या सांगायच्या. एकदा म्हणे एका सरांनी परीक्षेचा पेपर छापायला दिला, आणि मावशींनी गठ्ठा नुसता हातात तोलून परत पाठवला, की दरवर्षी सहा पानं असतात, ही पाच आहेत. सर भांडले. मग घरी जाऊन बघितलं तर सहावं पान टेबलावर.

पण आता छापतंय कोण? सगळं मोबाइलवर येतं. गेल्या दोन वर्षांत मावशींसमोरची रांग गेली, मग बाकडं गेलं, आणि मग ऑफिसमधून तोंडी निरोप आला की वर्ष संपलं की मशीनही जाणार. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या भाषा प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा निघाली. चोवीस खुर्च्या, चोवीस हेडफोन, मुलांना रेकॉर्डिंग लावून द्यायचं, वायरी सांभाळायच्या. कायमची नोकरी. अट एकच, विभागातल्या कुठल्याही एका भाषेचं पहिलं प्रमाणपत्र हवं. मावशींनी कुणाला न विचारता स्पॅनिशचा फॉर्म भरला.

"स्पॅनिशच का?" मी विचारलं.

"त्याची पानं सगळ्यात स्वच्छ छापली जातात," म्हणाल्या. "टिंब टिंब कमी."

तर अशा मावशी आठवड्यातून तीन दुपारी मशीनमागच्या भिंतीवर 'पाच वाजता येते' अशी पाटी लावून आमच्या वर्गात यायला लागल्या. एकवीस पोरं एकोणीस-वीसची आणि ह्या. माझ्या शेजारी बसल्या. "इथे ओळखीचं तोंड एकच, तेही कागदफाडीचं," म्हणाल्या. माझा प्रवेश उशिरा झाला होता आणि त्यांचाही, त्यामुळे हजेरीत आम्ही शेवटच्या दोघी, एकीला एक लागून.

आमच्या मॅडमना सगळे थांबा मॅडम म्हणतात. कारण त्या शिकवण्यापेक्षा जास्त वेळ 'थांबा' म्हणतात. त्यांच्या वर्गात एक नियम आहे आणि तो त्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितात. कुणी शब्द शोधत असेल तर बाकीच्यांनी तो द्यायचा नाही. कितीही येत असला तरी. मॅडम दोन्ही हात वर करतात आणि एकेक बोट मिटतात, दहा बोटं होईपर्यंत वर्गात कुणी हूं की चूं करायचं नाही. "शब्द शोधतानाच भाषा येते," त्या म्हणतात. "तुम्ही शोधून दिलात तर ती तुम्हाला येईल, त्याला नाही."

आणि मी! आमच्या घरात चार माणसं आणि चारही एकदम बोलतात. आमच्याकडे वाक्य पूर्ण करायला मिळणं म्हणजे बस पकडल्यासारखं आहे, धावत चढायचं. आई म्हणते, "तुझ्या जिभेला हाड नाही हे देवाने केलं, ब्रेक नाही हे तू केलंस." मला शांतता सहनच होत नाही. कुणी अडखळलं की माझ्या पोटात काहीतरी खाजतं. मावशी उठायच्या, "मी... माझ्या... माझ्या घरी..." आणि मॅडमचं तिसरं बोट मिटायच्या आत मी कुजबुजलेली असायची. मावशी तो शब्द उचलायच्या, बसायच्या, माझ्या गुडघ्यावर थाप मारायच्या. "वाचवलंस गं."

मला वाटायचं मी किती चांगली आहे.

हळूहळू असं झालं की त्या वाक्य सुरू करायच्या आणि अर्ध्यात माझ्याकडे बघायच्या. मॅडमनी एकदा तास संपल्यावर मला थांबवलं. "तू तिची काठी झालीयस."

"मदतच करते ना मॅडम."

"तिचे पाय धडधाकट आहेत."

मी हो हो म्हटलं आणि पळाले, कारण मैत्रिणी खाली थांबल्या होत्या.

तोंडी परीक्षा पंचवीस गुणांची, दहाला पास. ती जोडीने द्यायची असते. समोर बाहेरून आलेले परीक्षक, टेबलावर रेकॉर्डर, आपले शिक्षक खोलीत नसतात. आधी स्वतःची ओळख, मग चित्र, मग दोघांनी एकमेकांशी बोलायचं. त्याला सगळ्यात जास्त गुण. मॅडमनी दहादा बजावलं होतं, "जोडीदाराच्या तोंडचं वाक्य तुम्ही बोललात, तर गुण तुमचे. त्याचं वाक्य गेलं." दहादा! मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

जोड्या हजेरीप्रमाणे. म्हणजे मी आणि मावशी.

मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, एक वाक्य असं करून आणा जे फक्त तुम्हीच बोलू शकता, दुसरं कुणी नाही. मी आमच्या कुत्र्याबद्दल काहीतरी दोन मिनिटांत केलं. मावशींना चार दिवस लागले. मशीनला टेकून करायच्या, वापरलेल्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला. शब्दकोश माझा. पण शब्द त्यांचे, मी फक्त दोन सांगितले. त्यांचं वाक्य आपल्या भाषेत साधारण असं होतं: 'एकोणीस वर्षं मी तुमची पानं छापली आणि एकही वाचलं नाही, आता वाचते, आणि मला माझंच हसू येतं.'

मी तालमीला त्यांच्या घरी जायचे. तिसरा मजला, दोन खोल्या, दारात चपलांसाठी झेरॉक्सच्या कागदांचा रिकामा खोका. त्यांचे सासरे तार ऑफिसातून रिटायर झालेले, कानांनी जवळजवळ ठार बहिरे. पण हौस दांडगी. सुनेच्या शब्दांच्या चिठ्ठ्या तेच हातात धरून बसायचे आणि वाक्य ऐकायलाही तेच. म्हणून मावशींना ते ओरडून म्हणावं लागायचं. नवरा बेकरीची गाडी चालवायचा, पहाटे निघायचा, दुपारी आत झोपलेला असायचा. आतून आवाज यायचा, "अगं झोपू दे, मला पण पाठ झालं तुझं वाक्य!" खालच्या मजल्यावरची छोटी मुलगी दोरीवरच्या उड्या मारताना तेच वाक्य म्हणायची. अख्ख्या जिन्याला पाठ होतं ते.

आणि वाक्यात एक जागा होती. 'आता' च्या आधी मावशी थांबायच्या. दर वेळी. आवंढा गिळायच्या, खिडकीकडे बघायच्या, श्वास घ्यायच्या आणि मग पुढे जायच्या. पहिल्यांदा तिथे मी बोलले तर सासऱ्यांनी चिठ्ठीनेच माझ्या डोक्यावर टपली मारली. त्यांना ऐकू आलं नव्हतं काही, पण माझं तोंड हललेलं दिसलं. "पोरी, तार अशीच यायची," ते ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे. "मध्येच थांबायची. आम्ही पेन्सिल धरून बसायचो. पण यायची! पुढचं आपण मनाने लिहिलं तर घरात रडारड!"

मी मोजलं होतं. सात. त्यांना तिथे सात आकडे लागायचे.

परीक्षेच्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि अंगठ्याची टोपी काढलेली. त्यांचा अंगठा मी पहिल्यांदा बघितला, पांढरा पडलेला, सुरकुतलेला. म्हणाल्या, "कागदफाडी, मला ओढू नकोस हं आज." हसत म्हणाल्या. मी पण हसले.

ओळख झाली, चित्र झालं. मी भन्नाट बोलत होते. परीक्षक गोरेपान म्हातारे गृहस्थ, माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि मला ते इतकं आवडत होतं ना! मग तिसरा भाग, कार्डावर विषय आला 'काम'. मी विचारलं, तुम्ही काय काम करता. मावशी ताठ बसल्या. आणि त्यांनी सुरू केलं. एकोणीस वर्षं मी तुमची पानं छापली आणि एकही वाचलं नाही. स्वच्छ. एक चूक नाही. आणि थांबल्या.

खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे त्या भिंतीकडे बघायला लागल्या.

परीक्षकांनी पेन उचललं. एक. दोन. मला परीक्षक माझ्याकडे बघताहेत असं वाटलं. तीन. चार. आणि मी बोलले. अख्खं उरलेलं वाक्य, 'आता' पासून शेवटपर्यंत, फाडफाड, छान चढउतारासकट, वर हसून परीक्षकांना हेही सांगितलं की त्या जरा घाबरल्या आहेत. त्यांच्या वतीने. त्यांच्यासमोर. परीक्षक हसले. काहीतरी लिहिलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि पुढे त्या फक्त हो आणि नाही एवढंच बोलल्या.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वाचवलंस गं."

मी काय करून बसले ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. जिना उतरता उतरता. पण मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे, पास होतील, कुठे एवढं.

सोमवारी निकाल लागला. मला बावीस. मावशींना नऊ.

नऊ! एका गुणाने. नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायची तारीख त्याच महिनाअखेरची होती आणि पुन्हा परीक्षा दोन महिन्यांनी. म्हणजे संपलंच. मावशींनी आपला आकडा बघितला, चष्मा दोरीवर सोडला आणि खाली मशीनकडे निघून गेल्या. मी तिथेच उभी. आणि निकालाच्या शेजारी एक नोटीस लावली होती. तोंडी परीक्षेत जोडीदारामुळे अडथळा आला असेल तर दोघांच्या सह्यांनी अर्ज करा, परीक्षक बुधवार संध्याकाळपर्यंत इथे आहेत, रेकॉर्डिंग ऐकून परीक्षा पुन्हा घेतील, दोघांचीही, आणि दोघांचे गुण बदलू शकतील. ती नोटीस मावशींनीच छापली होती. चाळीस प्रती, नेहमीसारख्या न वाचता. पण नऊ बघितल्यावर माणूस शेजारचं काय वाचणार?

मी वाचली. दोनदा वाचली. आणि मला काय दिसलं सांगू? 'दोघांचे गुण बदलू शकतील' एवढंच. पुढच्या वर्गाला वीस लागतात. माझे बावीस होते.

मी काही बोलले नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मंगळवारी तर मी मागच्या दाराने गेले, वाटेत मशीन लागू नये म्हणून. बुधवारी दिवसभर मला पोटात दुखत होतं आणि मी आईला सांगितलं कँटीनचं काहीतरी बाधलं. आई म्हणाली, "तू गप्प आहेस म्हणजे नक्कीच आजारी आहेस." घरातले हसले. मी पण हसले. संध्याकाळचे पाच वाजले, सहा वाजले, आणि मला खरं सांगते, हलकं वाटलं. आता काही करताच येणार नाही म्हणून हलकं वाटलं. ते आठवलं की मला माझीच किळस येते अजून.

गुरुवारी मावशींनीच मला जिन्यात गाठलं. "कुठे तोंड लपवून फिरतेस? ये इकडे." त्यांनी खणातून काढून मला एक पान दिलं. स्पॅनिशची सगळी क्रियापदं, त्यांच्या हाताने लिहिलेली, लॅमिनेट केलेली, आणि चारही कोपरे गोल कापलेले. "टोचतात ना बॅगेत," म्हणाल्या. "पुढच्या वर्गात लागेल तुला. तू होतीस म्हणून नऊ तरी पडले. मी एकटी असते तर भोपळा होता. आपल्याच्याने नाही होत गं ते, डोकं गंजलंय. पुन्हा काही बसणार नाही मी."

मी ते पान घेतलं. थँक्यू पण म्हटलं बहुतेक. मग तिथून निघताना डोकं आपटलं, स्पंज होता म्हणून वाचले, धावत जिना चढले आणि मॅडमच्या केबिनमध्ये घुसून सगळं ओकले. सात आकडे, चार आकडे, नोटीस, बावीस, सगळं. रडत रडत.

मॅडमनी दहा बोटं मिटली. मोजून दहा. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परीक्षक काल संध्याकाळी गेले," म्हणाल्या.

"मला माहितीये."

"माहितीये हे मलाही कळलं." मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? मी कोण? तिला सांग. रेकॉर्डिंग लावून देते. तिचा आवाज आहे, तिने ऐकायला हवा."

वरच्या प्रयोगशाळेत, सात नंबरच्या खुर्चीवर, मी मावशींना बसवलं. एका वायरीला दोन हेडफोन लावले. त्या लाजत होत्या. "माझा आवाज? कशाला उगाच? आधीच फजिती झालीय." ती खोली त्यांना मिळणार होती. त्या वायरी. मी बघूच शकत नव्हते कुठे.

रेकॉर्डिंग सुरू झालं. माझी बडबड. माझी बडबड. मग त्यांचं वाक्य. आम्ही दोघींनी ऐकलं. एकोणीस वर्षं मी तुमची पानं छापली आणि एकही वाचलं नाही. मग शांतता. मग श्वास, इतका जवळचा की जणू हेडफोनमध्येच कुणी बसलंय. आणि मग त्यांचा पुढचा शब्द सुरू होतो. होतो! तोंड उघडलेलं ऐकू येतं, पहिला स्वर ऐकू येतो, त्यांचा, बारीक पण पक्का. आणि त्यावर धप्पकन माझा आवाज येऊन बसतो.

हे मलाही माहीत नव्हतं. मला वाटत होतं त्या अडकल्या होत्या म्हणून मी बोलले. त्या अडकल्याच नव्हत्या.

"परत लाव," मावशी म्हणाल्या.

लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला. चेहरा एकदम उजळलेला. "मला येत होतं! ऐकलंस का? मला येत होतं गं ते!" माझा हात धरून हलवला त्यांनी. पोरीसारख्या हसल्या. आणि हसता हसता थांबल्या. मला दिसलं, एकेक गोष्ट आपापल्या जागेवर जाऊन बसताना.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"नि ती नोटीस? मीच छापलेली ती? ती कसली होती?"

मी सांगितलं कसली होती. सोमवारी वाचली हेही सांगितलं.

त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली, नीट, एकावर एक वेढा, शेवटी टोक आत खोचलं. दुसऱ्या हेडफोनचीही गुंडाळली. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, मी तोंड उघडलं.

"गप्प," मावशी म्हणाल्या. "एकदा तरी गप्प बस." मग म्हणाल्या, "मी घरी जाऊन सांगितलं की माझं डोकं चालत नाही. म्हाताऱ्याने चिठ्ठ्या खोक्यात भरून ठेवल्या. जिन्यातली माणसं विचारतात, मी खाली मान घालून जाते. तीन दिवस. तू मला तीन दिवस खाली मान घालायला लावलीस, बावीस गुणांसाठी?"

"मावशी, सॉरी..."

"तीनदा म्हण," म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ऑफिसात गेले, माझे गुण कमी करा म्हणाले, तर क्लार्क म्हणाले, "असा अर्जच नसतो आमच्याकडे. वाढवायचा असतो." महिनाअखेर आली, गेली. प्रयोगशाळेत बाहेरून एक ताई आल्या साहाय्यक म्हणून. चांगल्या आहेत. हसून हेडफोन देतात. त्यांचा राग येईल अशी सोयसुद्धा नाही. मग एक दिवस मशीन गेलं. जिन्याखाली चार चाकांचे चार गोल डाग राहिले आणि भिंतीवर 'पाच वाजता येते' ची पाटी, ती काढायला कुणी विसरलं. मावशी रस्त्यापलीकडच्या स्टेशनरीच्या दुकानात मशीनवर लागल्या. तिथे बसायला स्टूल नाही, दिवसभर उभं. मी रोज समोरच्या फुटपाथवरून जाते. त्यांचे पाय दिसतात काउंटरच्या फटीतून.

पण पुन्हा परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरला. मॅडमनी सांगितलं. नोकरी तर गेलेली, मग कशाला? मॅडम म्हणाल्या, "तिला विचारलं. म्हणाली, येतंय तर येतंय म्हणून कागद हवा." जोडीदार म्हणून त्यांनी मागितलं म्यूटला. म्यूट आमच्या वर्गातला, आठवड्यात सहा शब्द बोलतो, त्यातले तीन 'हजर'. त्याला पण पाच पडून तो नापास झाला होता.

परीक्षेच्या दिवशी मी जाऊन उभी राहिले. मावशी आल्या, सासरे आले होते काठी टेकत, चिठ्ठ्यांचं पाकीट हातात घेऊन. मी म्हटलं, "मी आत..." माझंच मला कळत नव्हतं काय विचारायचंय.

"बाहेर बस," मावशी म्हणाल्या. दोन महिन्यांतले पहिले दोन शब्द.

बसले. बाकड्यावर, सासऱ्यांच्या शेजारी. दार पातळ. आतून म्यूटचं पुटपुटणं आलं, मग परीक्षकांचा आवाज, ह्या वेळी कुणी बाई होत्या. मग मावशी. वाक्य सुरू झालं. एकोणीस वर्षं मी तुमची पानं छापली आणि एकही वाचलं नाही.

थांबल्या.

मी बोटं मिटायला लागले. एक, दोन, तीन, चार. चारला माझे ओठ हलले, आईशप्पथ, आपोआप हलले. सासऱ्यांनी पाकीट माझ्या तोंडावर ठेवलं. ते बघतच होते माझ्याकडे. पाच, सहा, सात. सात झाले आणि काही आलं नाही. आठ. नऊ. मी डोळे मिटले. दहा बोटं संपली. आत म्यूट बसला होता, म्यूटसारखा, देव त्याचं भलं करो.

आणि आलं. 'आता वाचते, आणि मला माझंच हसू येतं.' आणि त्या तिथे थांबल्याच नाहीत. पुढे अजून एक वाक्य बोलल्या, ज्याची तालीम माझ्याबरोबर कधी झाली नव्हती. मशीन गेलं, माझी जागा गेली, पण जे वाचलं ते माझ्याजवळ आहे, असं काहीतरी. चुका होत्या दोन. पण मला ते वाक्य माहीतच नव्हतं. कितीही फाडफाड बोलता येत असलं तरी मला ते पूर्ण करता आलं नसतं.

"आली का तार?" सासऱ्यांनी ओरडून विचारलं. मी मान हलवली.

मावशींना सोळा पडले, म्यूटला अकरा. ते नंतर कळलं. त्या दिवशी मावशी दार उघडून बाहेर आल्या, घामाने चष्मा धुरकटलेला, आणि मी उठून "मावशी, तुम्ही काय..." असं सुरू केलं. त्यांनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी चष्मा पुसला. पदराने एक काच, मग दुसरी. मला वाटलं आता माफ केलं म्हणतील, किंवा चालती हो म्हणतील, आणि दोन्हीसाठी माझ्या पोटात वाक्यं तयार होती. मी ती सगळी गिळून उभी राहिले.

"जागा गेली ती तुझ्यामुळे गेली," शेवटी म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस."

"नाही विसरणार."

"हं." मग इकडेतिकडे बघितलं, सासऱ्यांच्या हातातलं पाकीट घेऊन पर्समध्ये टाकलं. "आता भूक लागलीय. सगळे चला कँटीनला. ह्या पोराला विचार काय खाणार, आता विचारलंस तर संध्याकाळपर्यंत सांगेल."

मी म्यूटला विचारलं. तो विचार करायला लागला. छताकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. मला माहीत होतं त्याला काय आवडतं, रोज तेच खातो तो, माझ्या जिभेवर होतं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी पहिलं बोट मिटलं.